तलाव कोणाचा, प्रश्न कोणाचा?

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने ‘आपापल्या कार्यक्षेत्रातील अनुभव लिहून पाठवा’ असे कळविले, तेव्हा आम्हा सहा जणांचा विचार एकाच विषयावर येऊन स्थिरावला. आम्ही १९९४ साली या विद्यालयातून दहावी उत्तीर्ण झालो. पुढे आमच्यापैकी कोणी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक झाले, कोणी कृषी खात्यात गेले, कोणी अंगणवाडीचे काम पत्करले, कोणी घरची शेती धरली. वाटा निरनिराळ्या झाल्या. परंतु आम्हा साऱ्यांची गावे भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली या तलावांच्या मुलखातील असल्यामुळे एक काम प्रत्येकाच्या वाट्याला कधी ना कधी आलेच. बदलत्या हवामानाचा येथील तलाव, शेती आणि जंगल यांवर कोणता परिणाम होईल, हे तपासण्यासाठी बाहेरून अभ्यासक येतात. त्यांना गाव दाखविणे, बोलीतील शब्दांचा अर्थ सांगणे, प्रश्नावल्या भरून घेणे आणि सायंकाळच्या बैठकीला माणसे जमविणे, हे ते काम होय.

अशा अभ्यासांच्या कागदपत्रांत ‘हितसंबंधीयांचा सहभाग’ हा शब्दप्रयोग आता हमखास आढळतो. ज्यांचे जगणे एखाद्या निसर्गव्यवस्थेवर अवलंबून आहे, त्यांना त्या व्यवस्थेच्या अभ्यासात सामील करून घ्यावे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. हा सहभाग प्रत्यक्षात कसा घडतो, कोठे अडतो आणि तो का आवश्यक आहे, याविषयी आमचे अनुभव व आमची मते येथे मांडीत आहोत. या स्मरणिकेचे वाचक म्हणजे आमचे जुने सोबती, आजच्या विद्यार्थ्यांचे पालक आणि समाजबांधव. त्यांपैकी पुष्कळांच्या दारी अशी पाहणी येऊन गेली असेल; नसेल, तर उद्या येईल. म्हणून हा विषय केवळ विद्यापीठांचा आहे असे आम्हांस वाटत नाही.

ज्या तलावांविषयी आम्ही बोलत आहोत, त्यांची थोडी ओळख करून देणे अगत्याचे आहे. पूर्व विदर्भातील हे तलाव मनुष्याच्या हातचे आहेत. गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजातील जाणत्या मंडळींनी जमिनीचा उतार पारखून मातीच्या पाळी घातल्या आणि वाहून जाणारे पाणी अडविले. नवेगाव बांधाशी कोळू पाटील कोहळी यांचे नाव परंपरेने जोडले जाते. पुढे हे तलाव मालगुजारांच्या ताब्यात राहिले. १९५० च्या कायद्याने तत्कालीन मध्य प्रदेशातील मालगुजारी संपुष्टात आली, तलाव शासनाकडे गेले आणि ‘माजी मालगुजारी तलाव’ हे त्यांचे नाव रूढ झाले. लोक त्यालाच आटोपशीरपणे ‘मामा तलाव’ म्हणतात. असे हजारो तलाव या मुलखात आहेत, आणि शेतकऱ्याच्या स्वतःच्या जागेतील लहान बोड्या त्यांहून वेगळ्या.

एका तलावावर किती प्रकारची माणसे जगतात, हे वरवर पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पाळीखालच्या बांध्यांतील धानाला त्याचे पाणी मिळते. गुरे तेथे पाणी पितात. ढीवर समाज त्यात मासोळी धरतो आणि शिंगाडा लावतो. पाणी ओसरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत भूमिहीन कुटुंबे गाळपेर करतात. काठावरचे गवत, कमळाचे कंद, रानभाज्या यांवर ज्यांच्या नावे सातबारा नाही अशा बायांचा हात फिरतो. आमच्या समाजातील अनेक घरे याच शेवटच्या ओळीतली आहेत. तलावाच्या कोणत्याही कागदावर त्यांचे नाव नसते; परंतु तलाव आटला की पहिली चूल त्यांचीच थंड होते.

या तलावांवर आता नवे संकट येत आहे. मध्य भारतावरील १९५० ते २०१५ या काळातील पावसाच्या नोंदींचा अभ्यास पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण पाऊस घटत असतानाच विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे त्यात दिसून आले. मातीच्या पाळीला याचा अर्थ चटकन कळतो. रोवणीच्या वेळी पऱ्हे वाळावेत इतका खंड पडतो आणि मग दोन दिवसांत इतके पाणी येते की सांडवा पुरत नाही, पाळ फुटते. पूर्वी तलाव हळूहळू भरत असे आणि हस्ताच्या पावसाने दगा दिला तर भारी धानाला शेवटचे पाणी देत असे. आता तो एकदम भरतो, गढूळ होतो आणि गाळाने उथळ होत जातो.

निसर्गव्यवस्थेला बदलाचा आघात कितपत बसेल, याला अभ्यासक आघातप्रवणता म्हणतात. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक आंतरशासकीय मंडळाने २००१ च्या अहवालात तिचे तीन घटक सांगितले होते. आघात किती मोठा, हा पहिला घटक. तो आघात त्या व्यवस्थेला किती जाणवतो, हा दुसरा. आणि त्याच्याशी जुळवून घेण्याची शक्ती किती, हा तिसरा. याच मंडळाने २०१४ च्या अहवालात ही मांडणी काहीशी बदलून ‘जोखीम’ ही कल्पना मध्यभागी आणली. परंतु गावातल्या माणसाला समजावून सांगण्यास जुनी त्रिसूत्री आम्हांस अजूनही सोयीची वाटते. पाऊस किती व कसा पडला, हे पर्जन्यमापकाने आणि उपग्रहाने कळते. तलावाची खोली व पाळीची अवस्था मोजून कळते. परंतु तिसरा घटक यंत्राने मोजता येत नाही. पाळीची डागडुजी करण्यास गाव एकत्र येते की नाही, पाणी सोडण्याचा निर्णय कोण घेतो, मासोळी मेली तर ढिवराच्या घरात दुसरे कोणते उत्पन्न असते, गाळपेर बुडाली तर ते कुटुंब कोणत्या गावी कामाला जाते, हे विचारल्यावाचून समजत नाही. शिवाय ते कोणाला विचारले, यावरही उत्तर अवलंबून असते.

या विचाराला जगात बराच आधार मिळालेला आहे. युरोपीय संघाच्या अर्थसाह्याने आणि जर्मनीतील पॉट्सडॅम येथील हवामान परिणाम संशोधन संस्थेच्या समन्वयाने २००१ ते २००४ या काळात ‘एटीम’ नावाचा प्रकल्प झाला. शेती, जंगल, पाणी, जमिनीतील कर्ब, जैवविविधता यांपासून युरोपातील माणसाला मिळणारे लाभ पुढील शतकात कसे बदलतील, हे त्यात तपासले गेले. भूमध्य समुद्राभोवतीचा प्रदेश सर्वांत अधिक धोक्यात आहे, असा त्याचा निष्कर्ष २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शास्त्रज्ञांनी या कामात शेती, वनव्यवस्थापन, निसर्गसंरक्षण अशा क्षेत्रांतील मंडळींशी सुरुवातीपासून संवाद ठेवला होता. कोणते लाभ मोजावेत आणि निष्कर्ष कोणत्या स्वरूपात उपयोगी पडतील, हा त्या संवादाचा विषय होता. याच प्रकल्पातील श्रोटर आणि त्यांचे सहकारी पोल्स्की व पॅट यांनी त्याच वर्षी अशा अभ्यासाच्या आठ पायऱ्या मांडल्या. त्यांतील पहिली पायरी अशी की, अभ्यासाचे क्षेत्र संबंधित लोकांच्या सोबत बसून ठरवावे. आणि शेवटची अशी की, निष्कर्ष लोकांपर्यंत कल्पकतेने पोहोचवावेत. गणिते व प्रतिमाने यांची जागा मधल्या पायऱ्यांवर आहे.

हे वाचून आम्हांस आनंद झाला. पण एक फरकही ठळकपणे जाणवला. तेथील संवादाला येणारे लोक बहुतांशी संस्थांचे व व्यवसायांचे प्रतिनिधी होते. त्यांना बोलावणे पाठविता येत होते, कारण त्यांना पत्ता होता. आमच्या तलावावर जगणाऱ्या गाळपेरवाल्या बाईची संस्था नाही, पदाधिकारी नाही आणि पत्रव्यवहाराचा पत्ता नाही. तिला बैठकीला बोलवायचे, तर ती आहे हे आधी कोणाला तरी ठाऊक असावे लागते.

एका गावातील प्रसंग सांगतो. बाहेरून आलेल्या एका पाहणीची प्रश्नावली आमच्या हाती आली. ती बरीच विस्तृत होती. ओलिताखालील क्षेत्र, धानाचा वाण, पाण्याच्या पाळ्या, खताचा वापर, असे तिचे पुष्कळ विभाग होते. दुपारी आम्ही ढीवर मोहल्ल्यात बसलो असता एक वृद्ध मावशी जाळे विणता विणता ऐकत होत्या. सगळे प्रश्न संपल्यावर त्या म्हणाल्या, “पाणी त मोजलं बापू तुमी, पन मासोळी कोन मोजनार?” प्रश्नावलीत मासोळीचा रकाना नव्हता. तलाव म्हणजे सिंचनाचे साधन, असे ती तयार करणाऱ्यांनी गृहीत धरले होते. म्हणून ज्या घराला शेती नाही, त्या घरासाठी त्या सोळा पानांत एकच उत्तर उरत होते: ‘लागू नाही’.

मावशींचा प्रश्न आम्ही वर कळविला, आणि सुदैवाने त्या अभ्यासक मंडळींनी तो मनावर घेतला. पुढच्या खेपेस छापील प्रश्न बाजूला ठेवून गावातील तीन गटांना तलावाचा नकाशा काढण्यास सांगितले गेले. शेतकऱ्यांनी जमिनीवर खडूने काढलेल्या नकाशात पाळ, पाणी सोडण्याचे दार आणि पाट ठळक होते. तलावाचा वरचा अंग त्यांनी मोकळाच सोडला. ढीवर मंडळींच्या नकाशात पाण्याखालच्या जागा होत्या. कोठे गवत आहे, कोठे गाळ आहे, मरळ कोठे पिले घेऊन फिरते, पहिल्या पावसात मासोळी कोणत्या नाल्याने वर चढते, हे सारे त्यांनी दाखविले. बायांच्या नकाशात काठ होता आणि काठावर कोणत्या महिन्यात काय मिळते हे होते. तलाव एकच होता. तीनही नकाशे शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा शेतकऱ्यांनी मोकळी सोडलेली जागा इतर दोन्ही नकाशांत सर्वांत अधिक भरलेली आहे, हे साऱ्या गावाला दिसले.

या गोष्टीचे महत्त्व पुढच्याच उन्हाळ्यात कळून आले. तलावातील गाळ काढण्याचे काम मंजूर झाले होते. राज्य शासनाची ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना २०१७ मध्ये सुरू झाली, आणि साठलेला गाळ काढून शेतात नेणे हे मुळात हिताचेच काम आहे. शेतकऱ्यांना सुपीक माती हवी होती आणि तलावाला खोली. परंतु जेसीबी आणि ट्रॅक्टर यांना सोयीची जागा म्हणजे वरच्या अंगाचा, लवकर कोरडा पडणारा उथळ भाग. तो सरळ उभा खणून काढला की काठाचा मंद उतार नाहीसा होतो. उथळ पाण्यात वाढणाऱ्या वनस्पती तेथे पुन्हा रुजत नाहीत, अंडी घालण्यास मासोळीला जागा राहत नाही आणि गाळपेरीची जमीन कायमची पाण्याखाली जाते. म्हणजे दुष्काळावरचा उपाय एका वर्गासाठी उपाय ठरतो आणि दुसऱ्या वर्गासाठी नवे संकट.

ग्रामसभेत यावर बोलणे सोपे नव्हते. ‘पाच-दहा घरांच्या मासोळीसाठी गावाचे पाणी अडवायचे काय?’ असा प्रश्न आला, आणि तो विचारणाऱ्यांचाही धान दोन वर्षे करपला होता. त्यांना दोष देणे आम्हांस उचित वाटत नाही. शेवटी ते तीन नकाशे भिंतीवर लावून चर्चा झाली. पाळीजवळचा खोल भाग खणावा, वरच्या अंगाचा नाल्याच्या तोंडाजवळील पट्टा राखून ठेवावा आणि काठाला उतार द्यावा, असे ठरले. मागणीपेक्षा कमी माती मिळाली म्हणून काही शेतकरी नाराज राहिले. राखलेला पट्टाही ढीवर मंडळींनी मागितला होता त्याहून लहान आहे. त्या पट्ट्यात मासोळी टिकली किंवा नाही, हे आणखी दोन-तीन पावसाळे गेल्यावर समजेल. तूर्त एवढेच सांगता येते की, मावशींचा प्रश्न आता इतिवृत्तात नोंदला गेला आहे आणि त्यावर गावाची सही आहे.

शेरी आर्नस्टीन या अमेरिकन विदुषीने १९६९ साली नागरिकांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची एक शिडी मांडली होती. सर्वांत खालच्या पायऱ्यांवर लोकांना बोलावून केवळ त्यांची समजूत काढली जाते. मधल्या पायऱ्यांवर त्यांना माहिती दिली जाते, त्यांचे मत घेतले जाते. पण निर्णय दुसरेच करतात. सर्वांत वरच्या पायऱ्यांवर निर्णयाचा अधिकार त्यांच्या हाती असतो. आम्ही ज्या पाहण्या पाहिल्या, त्यांपैकी बहुतेक मधल्या पायऱ्यांवर थांबतात. मत घेतले जाते, सही किंवा अंगठा घेतला जातो, छायाचित्र काढले जाते. पुढे त्या मताचे काय झाले, हे गावाला कळत नाही. अहवाल इंग्रजीत असतो आणि तो गावात परत येत नाही. दिवसाची मजुरी बुडवून चार तास बसलेल्या बाईने पुढच्या वर्षी नव्या पाहणीला ‘आता काय सांगू?’ म्हटले, तर तिला उदासीन म्हणता येणार नाही.

कायद्याने मात्र वरच्या पायऱ्यांची सोय आपल्याकडे केलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावी आणि त्या समितीने लोकांशी विचारविनिमय करून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, अशी तरतूद आहे. नोंदवहीची ही कल्पना मोठी आहे. गावातील कोणत्या व्यक्तीला कोणत्या वनस्पतीचे, माशाचे, पाखराचे ज्ञान आहे, याची गावाने स्वतः केलेली ती नोंद असते. परंतु राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिल्यावर अनेक ठिकाणी ही कामे घाईने उरकली गेली. आपल्या गावाची नोंदवही कोठे आहे आणि तिच्यात काय लिहिले आहे, हे वाचकांनी एकदा ग्रामपंचायतीत जाऊन पाहावे, अशी आमची विनंती आहे. ती पाहण्याचा अधिकार आपल्या सर्वांना आहे.

वरच्या पायरीवर पोहोचलेले गावही आमच्याच मुलखात आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाने फार पूर्वीपासून अभ्यासगट चालविले. बाहेरचा जाणकार आणि गावकरी एकत्र बसून विषय समजून घेतात, आणि निर्णय ग्रामसभेत सर्वसहमतीने होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. तेथे अभ्यास आधी झाला आणि अधिकार मागून आला, हे आम्हांस विशेष वाटते.

याउलट पश्चिम घाटाचे उदाहरण आहे. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगट २०१० मध्ये नेमला गेला आणि त्याने २०११ मध्ये अहवाल दिला. कोठे कोणती बंधने असावीत, हे ग्रामसभांच्या विचारविनिमयातून ठरावे, असा त्या अहवालाचा आग्रह होता. पण अहवाल लोकांसमोर आला तो माहिती अधिकाराखाली झगडा झाल्यानंतर, २०१२ मध्ये. तोवर डोंगरातील पुष्कळ लोकांपर्यंत अहवालाऐवजी त्याच्याविषयीची भीती पोहोचली होती. लोकांना विचारावे असे सांगणारा अहवाल लोकांनी वाचण्यापूर्वीच वादात सापडला. निष्कर्ष गावाच्या भाषेत आणि वेळेवर पोहोचविणे ही शेवटची पायरी किती मोलाची आहे, हे यावरून ध्यानी यावे.

आपल्या समाजाला हे निराळे सांगावे लागू नये. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला. महाड नगरपालिकेनेही त्यानंतर तसा ठराव केला. तरीही चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह तळ्यावर जावे लागले, आणि उच्च न्यायालयाचा निर्णय बाजूने लागण्यास १९३७ साल उजाडले. कागदावरील हक्क बजावल्यावाचून हक्क होत नाही. तलावाच्या पाण्यावर आपला हक्क आहे, हे त्या पिढीने सिद्ध केले. तलावाच्या भवितव्याविषयी बोलण्याचा, त्याच्या अभ्यासात प्रश्न घालण्याचा हक्कही त्याच हक्काचा पुढचा भाग आहे, असे आम्ही मानतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. लोकांचे म्हणणे ते सारे खरे, असा आमचा दावा नाही. ‘पूर्वी पाऊस खूप होता’ असे प्रत्येक गावातील वृद्ध सांगतात. प्रत्यक्ष नोंदी पाहता कोठे एकूण पाऊस घटलेला असतो, कोठे तो तेवढाच राहून पावसाचे दिवस तेवढे घटलेले असतात. स्मरण हे नोंदीची जागा घेऊ शकत नाही. गावातही परस्परविरोधी हितसंबंध असतात. मत्स्य सहकारी संस्थेला कटला, रोहू, मृगळ यांचे बीज सोडून लवकर उत्पन्न हवे असते, आणि गवत्या मासा सोडला तर तो पाणवनस्पती खाऊन देशी मासोळीचा आसरा संपवितो. तलावाच्या पोटात अतिक्रमण करून धान लावणाराही गावातलाच असतो. म्हणून सहभागाचा अर्थ बहुमताने शास्त्र ठरविणे असा होत नाही. मोजमाप शास्त्रज्ञाने चोखपणे करावे. मात्र काय मोजायचे, कोणासाठी मोजायचे आणि त्यातून काय करायचे, या तीन प्रश्नांच्या वेळी ज्यांची चूल त्यावर पेटते ते समोर असावेत.

दोन्ही बाजू एकत्र आल्या की काय घडते, याचे उदाहरण गोंदियाच्या सारस पक्ष्यात आहे. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच असलेला हा पक्षी महाराष्ट्रात आता मुख्यतः गोंदिया व लगतच्या भंडारा परिसरातच उरला आहे, आणि तो पावसाळ्यात धानाच्या बांध्यांत घरटे करतो. घरट्याने थोडे पीक मोडते, म्हणून पूर्वी काही शेतकरी ते मोडून टाकीत. निसर्गप्रेमी संस्थांनी शेतकऱ्यांनाच घरट्यांचे राखणदार आणि गणनेचे सोबती केले. कोणत्या बांधीत जोडी उतरली, हे बाहेरच्या अभ्यासकाला महिनाभर हिंडूनही कळत नाही. शेतकऱ्याला ते सकाळीच दिसते. संख्या अजून फार थोडी आहे, पण ती मोजणारे हात आता गावातले आहेत.

आम्ही हे सारे कोठे शिकलो, असा विचार करताना विद्यालयाच्या वसतिगृहातील शनिवारची सभा आठवते. भोजनगृहात कोणते धान्य किती लागले, टाकीचे पाणी कोणत्या दिवशी अपुरे पडले, याचा हिशेब विद्यार्थ्यांची समिती वाचून दाखवीत असे, आणि पाचवीतल्या मुलालाही उठून प्रश्न विचारता येई. गुरुजी उत्तर देण्यापूर्वी तो प्रश्न फळ्यावर लिहीत. गावी ज्या मुलांच्या आईवडिलांना सभेत कोणी बोलू देत नव्हते, त्यांचा प्रश्न येथे फळ्यावर लिहिला जात होता. त्याचे मोल त्या वयात आम्हांस समजले नव्हते. आज ग्रामसभेत उभे राहताना समजते.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने विद्यालयापुढे आम्ही एक छोटा प्रस्ताव ठेवीत आहोत. विद्यालयाच्या आवारात एक पर्जन्यमापक बसवावा आणि त्याची रोजची नोंद विद्यार्थ्यांनी ठेवावी. यंत्राचा खर्च आम्ही सहा जण उचलू. त्याबरोबरच दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुटीत घरी जाणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या गावच्या तलावाविषयी एक पान लिहून आणावे. पाणी कोठवर आहे, कोणती मासोळी मिळाली, गाळपेर कोणी केली, आणि घरातील सर्वांत वयोवृद्ध बाईला तलावाविषयी काय सांगायचे आहे, एवढे चार मुद्दे पुरेत. दहा वर्षांत चाळीस-पन्नास गावांची सलग नोंद विद्यालयाच्या ग्रंथालयात उभी राहील. उद्या एखादा अभ्यासक प्रश्नावली घेऊन आला, तर त्याच्यापुढे ठेवण्यास आपल्या मुलांच्या हातची वही असेल. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांना आपल्या गावाची जबाबदारी घ्यावयाची असेल, त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे. पहिली पाने येत्या दिवाळीनंतर जमा करून घेण्यास आम्ही स्वतः येऊ.